लँडिंग नेमकं बिघडतं कुठे? शिकाऊ वैमानिकांनो, या चुका टाळा

लँडिंग फसलं की शिकाऊ वैमानिक शेवटच्या चार सेकंदांचा कीस पाडत बसतो. योक (विमानाचं नाक वर-खाली करणारं हँडल) जास्त ओढला का? उशिरा ओढला का? गडबड मात्र बहुतेक वेळा मिनिटभर आधीच झालेली असते. फायनलवर (धावपट्टीकडे सरळ येण्याचा शेवटचा टप्पा) वेग आणि उंची जागेवर नसली, तर फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलणं) कितीही हळुवार हाताने करा, ती निव्वळ सावरासावर ठरते. म्हणून चूक जिथे दिसते, तिथून एक टप्पा मागे जाऊन कारण शोधा.

विमान टेकतच नाही, तरंगत राहतं

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार, आणि बहुतेकदा मुळाशी एकच गोष्ट: जास्तीचा वेग. ‘थोडा वेग हाताशी असलेला बरा’ या विचाराने पाच नॉट इथे, पाच नॉट तिथे वाढत जातात. सेसना १७२एस या छोट्या विमानाच्या पुस्तिकेत पूर्ण फ्लॅपसह (पंखांमागच्या, खाली उतरणाऱ्या झडपा) फायनलचा वेग ६० ते ७० नॉट दिला आहे. ६५ ऐवजी ७५ नॉटने आलात, तर फरक दहाचाच दिसतो. पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश जास्त. त्यात भर ग्राउंड इफेक्टची. दोन्ही पंखांच्या टोकांमधलं जे अंतर, साधारण तेवढ्या उंचीच्या खाली आलं की हवेचा अवरोध घटू लागतो आणि जमिनीलगत तर बराच घटतो. मग वेग उतरता उतरत नाही आणि धावपट्टी खालून सरकत राहते.

इथे हात शिवशिवतात आणि योक पुढे ढकलला जातो. नेमकं तेच करायचं नाही. आधी थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा) खरोखर पूर्ण बंद आहे का ते हाताने तपासा. किंचित उघडा राहिलेला थ्रॉटल हे तरंगण्याचं फार दुर्लक्षित कारण आहे. मग नाक धरून ठेवा आणि वेग मरू द्या. ठरवलेली जागा मागे पडली, तर गो-अराउंड, म्हणजे लँडिंग सोडून पुन्हा वर. वारा झोताचा असेल तर वेग जरूर वाढवा, पण मापात: वारा १० नॉट आणि झोत १८ पर्यंत असतील, तर फरकाच्या निम्मे, म्हणजे चार नॉट.

उसळी आणि बेडूकउड्या

जबरदस्तीने खाली दाबलेलं विमान पुढच्या चाकावर आपटतं. नाक वर उडतं, घाबरून योक पुढे जातो, विमान पुन्हा पुढच्या चाकावर. आपला हात दर वेळी थोडा उशिरा पोचतो, म्हणून प्रत्येक उडी आधीच्या उडीपेक्षा मोठी होते. दोन-तीन उड्यांत पुढचं चाक मोडू शकतं, प्रोपेलर जमिनीला लागू शकतो.

उसळी लहान असेल तर नाक लँडिंगच्या स्थितीत स्थिर धरा, किंचित पॉवर द्या आणि विमानाला पुन्हा बसू द्या. उसळी मोठी असेल, किंवा दुसरी उडी सुरू झाली असेल, तर पूर्ण थ्रॉटल आणि वर. उड्यांचा पाठलाग योकने करू नका. त्या खेळात विमानच जिंकतं.

उंचावरून धप्प

याचं मूळ हातात कमी आणि डोळ्यांत जास्त असतं. नजर नाकासमोरच्या डांबरावर खिळली की सगळं धूसर पळताना दिसतं आणि उंचीचा अंदाज जातो. फ्लेअर सुरू करताना नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे न्या. नेहमीपेक्षा रुंद धावपट्टीवर आपण खाली आलो आहोत असं वाटतं आणि फ्लेअर उंचावरच होतो. अरुंद धावपट्टीवर उलट भास होतो आणि आपण नकळत खालून येतो.

बेसवरून फायनलला वळताना

वरच्या चुकांनी विमान मोडतं, या चुकीने जीव जातो. बेस म्हणजे फायनलच्या आधीचा, धावपट्टीला आडवा टप्पा. वळण उशिरा सुरू झालं, धावपट्टीची मध्यरेषा ओलांडली, आणि बँक (वळणातला विमानाचा कल) न वाढवता आतल्या रडरने (शेपटीवरची, नाक डावी-उजवीकडे वळवणारी पट्टी) नाक ओढून आणायचा मोह झाला, की बाहेरच्या बाजूला घसरतं वळण (स्किड) तयार होतं. अशा वळणात योक मागे ओढला, तर आतला पंख आधी स्टॉल होऊन (उचल गमावून) स्पिन (गिरक्या घेत खाली पडणं) सुरू होऊ शकतो, आणि त्या उंचीवर सावरायला जागा नसते. नुसती बँक वाढवणंही सोपा उपाय नव्हे: उंची कायम ठेवून ४५ अंश बँक घेतली की स्टॉलचा वेग सुमारे १९ टक्के वाढतो. बँक ३० अंशांच्या आत ठेवा. रेषा हुकली तर हुकू द्या आणि पुन्हा चक्कर मारा.

आडवा वारा

पंख वाऱ्याच्या बाजूला झुकवणं, उलट्या रडरने नाक रेषेत ठेवणं, एवढं बहुतेकांना जमतं. चूक होते टेकल्यावर: सुटलो म्हणून एलेरॉन (विमान एका बाजूला झुकवणाऱ्या, पंखांवरच्या पट्ट्या) सरळ केले जातात. वेग कमी होतो तसा एलेरॉनचा परिणामही घटतो, म्हणून ते वाऱ्याकडे आणखी वळवत न्यायचे असतात.

गो-अराउंडमधल्या चुका

पहिली चूक उशीर. गुळगुळीत लँडिंगचं वेड याला बरंच जबाबदार आहे. योग्य जागी, मध्यरेषेवर, मुख्य चाकांवर जरा ठसक्यात टेकलेलं विमान मला केव्हाही जास्त पटतं. दुसरी चूक, सगळे फ्लॅप एका दमात वर घेणं. विमान खाली बसतं. तिसरी, ट्रिमचा (योकवरचा जोर हलका करणारी जोडणी) विसर. फायनलसाठी लावलेल्या ट्रिमवर पूर्ण पॉवर दिली की नाक जोरात वर जातं, ते दाबून धरावं लागतं. बहुतेक प्रशिक्षण विमानांत ते डावीकडेही पळतं, तेव्हा उजवं रडर तयार ठेवा.

आणि टेकल्याबरोबर घाईने फ्लॅप वर घ्यायची सवय लावू नका. पुढे चाकं आत घेणाऱ्या विमानावर गेलात, की त्याच घाईत फ्लॅपऐवजी चाकांच्या मुठीवर हात पडू शकतो. धावपट्टी सोडा, थांबा, मग फ्लॅप.