वेशीचा रस्ता आखायचाय? आधी फक्की आणा

पुणे-सोलापूर महामार्ग सोडून आमच्या गावात शिरलं की पावणेदोन किलोमीटरचा सरळसोट रस्ता लागतो. पेट्रोल पंप, दोन मंगल कार्यालयं, बी-बियाणांची दुकानं, मुलींची शाळा आणि शेवटी एसटी स्टँड. वेस पडून जमाना झाला, तरी लोक त्याला अजून वेशीचा रस्ताच म्हणतात. नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात मी एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची चार या रस्त्यापायी गेली. आता आसपासच्या गावांतून फोन येतात, ‘मॅडम, आमचाही प्रवेशाचा रस्ता मंजूर झालाय, सुरुवात कुठून करू?’ त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

रस्ता कुणाच्या मालकीचा आहे ते पहिल्याच आठवड्यात लेखी काढून घ्या. बाह्यवळण झालं की गावातला जुना तुकडा कधी सार्वजनिक बांधकाम विभागाकडे राहतो, कधी नगरपरिषदेकडे येतो, आणि कागद मधेच कुठेतरी अडकलेला असतो. विकास आराखड्यातली रुंदी आणि जागेवरची रुंदी यांतही फरक निघतो. आमचा रस्ता आराखड्यात २४ मीटर होता, स्टँडजवळ प्रत्यक्ष मोजणीत १८ भरला.

नकाशा बाजूला ठेवा, टेप घ्या

पहाटे पाच वाजता रस्त्यावर जा आणि डांबराची रुंदी मोजा. आमच्याकडे ती १४ मीटर होती. मग त्याच जागी सकाळी अकराला या आणि धावत्या गाड्यांना खरोखर किती जागा उरली आहे ते मोजा. डाव्या बाजूला दुचाक्या तिरक्या लावलेल्या, उजवीकडे केळीच्या हातगाड्या, वडापच्या, म्हणजे शेअरच्या, दोन जीप भरायला थांबलेल्या. आम्ही आठवडाभर मोजलं, बाजाराच्या दिवशीसुद्धा. गाड्या जात होत्या त्या मधल्या सात मीटरमधूनच. बाकीचे सात मीटर डांबर दिवसभर गाड्या उभ्या करण्यात खर्ची पडत होतं. रात्री मात्र तेच सगळं मोकळं व्हायचं आणि महामार्गावरून आलेली गाडी त्याच वेगात शाळेपर्यंत यायची.

हा सात मीटरचा आकडा जपून ठेवा. पुढे व्यापाऱ्यांच्या बैठकीत ‘रस्ता अरुंद करताय’ असा आरोप होईल, तेव्हा दुसरं काही उपयोगी पडत नाही.

वेग मोजायला रडार गन लागत नाही. रस्त्यावर फक्कीने, म्हणजे मैदान आखायच्या पांढऱ्या भुकटीने, ५० मीटर अंतरावर दोन आडव्या रेघा मारा आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घ्या. गाडीला एका रेघेपासून दुसरीपर्यंत ६ सेकंद लागले तर वेग ताशी ३० किलोमीटर, ३.६ सेकंद लागले तर ५०. चालकाला दिसणार नाही अशा ठिकाणी उभे राहा, नाहीतर तो तुम्हाला पाहूनच अॅक्सिलरेटरवरचा पाय काढतो. शंभर गाड्या मोजा, कमी वेगापासून जास्त वेगापर्यंत लावा आणि पंच्याऐंशीवी गाडी कोणत्या वेगाने गेली ते पाहा. रस्त्याचा खरा वेग तो. पाटीवर ३० लिहिलेलं असो की ४०, चालक पाटी वाचत नाही, समोरचा रस्ता वाचतो. शाळेसमोर आमची पंच्याऐंशीवी गाडी ५४ वर निघाली.

तीस आणि पन्नासमधला फरक सभागृहात समजावून सांगा. वेग तीसचा पन्नास झाला की धडकेतली ऊर्जा जवळजवळ पावणेतीन पट होते. पन्नासच्या वेगात चालकाने माणूस पाहिल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद धरला, तर तेवढ्यातच गाडी १४ मीटर पुढे आलेली असते. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ नुसती पायी चालत होती. आमच्या रस्त्यावर गेलेली नववीतली मुलगी सायकलवर होती. सभेत मी आकडे वाचले तेव्हा कुणी मान वर केली नाही. तिची सायकल कुठे पडली होती ते सांगितलं तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले.

माणसं कुठून ओलांडतात

यासाठी एक पूर्ण दिवस द्या. चहाच्या टपरीवर बसा, रस्त्याचं साधं चित्र काढा आणि जो माणूस ज्या जागेवरून रस्ता ओलांडेल तिथे रेघ मारा. संध्याकाळपर्यंत कागदावर तीन-चार जागी रेघांचे जुडगे तयार होतात. क्रॉसिंग तिथेच द्यायचं. आमचे जुने पांढरे पट्टे स्टँडच्या फाटकापासून ९० मीटर लांब होते. तिथून दिवसभरात अकराजणांनी रस्ता ओलांडला, आणि फाटकासमोरून सहाशेच्या वर.

त्या दिवशी एक आजी बघितल्या. डोक्यावर बोचकं, एका हाताने ते धरलेलं, दुसरा हात गाड्यांना थांबवायला पुढे केलेला. चार पावलं टाकायच्या, थांबायच्या, एक पाऊल मागे यायच्या. धडधाकट माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरून सिग्नलचे हिशेब होतात. त्या आजी ०.८ च्या पुढे जात नव्हत्या. १४ मीटर ओलांडायला साडेसतरा सेकंद, तेही न थांबता. त्यांना ओलांडायला फक्त सात मीटर ठेवले तर नऊ सेकंदांच्या आत काम होतं. पुढची सगळी आखणी मी या एका हिशेबावर उभी केली.

रुंदीची वाटणी

बहुतेक ठिकाणी आधी गाड्यांना जागा देतात आणि उरलेल्या पट्टीला फुटपाथ म्हणतात. वाटणी करताना कडेकडून मधे या. आमची २४ मीटरची अशी झाली: दोन्ही बाजूंना दुकानाच्या पायऱ्या आणि गटार यांसाठी १.३ मीटर, मग ३ मीटर फुटपाथ, मग २ मीटर सायकल मार्ग, मग २.२ मीटरचा पट्टा, आणि मधे ७ मीटर वाहता रस्ता. तो २.२ मीटरचा पट्टा फार कामाचा. झाडं, दिव्याचे खांब, दुचाक्या, हातगाड्या, वडापचा थांबा, सगळं त्यात बसतं, आणि सायकलवरचं पोर धावत्या गाडीपासून दूर राहतं. क्रॉसिंगपाशी हा पट्टा थांबवायचा आणि फुटपाथ रस्त्याच्या कडेपर्यंत पुढे काढायचा. सायकल मार्ग तिथे फुटपाथच्या पातळीला येतो. मग आजींना ओलांडायला खरोखर सातच मीटर उरतात.

रुंदी १८ मीटरवर आली की पहिली जागा पार्किंगची जाईल. फुटपाथ २.५, सायकल २, गटाराला १, मधे सात. अठरा बरोबर भरतात. त्याहूनही अरुंद झालं तर वेगळा सायकल मार्ग सोडा, पण मग त्या तुकड्यात वेग तीसच्या वर जाणारच नाही असे उंचवटे हवेतच. फुटपाथवर १.८ मीटर मोकळी वाट मात्र कुठल्याही परिस्थितीत सोडू नका. इंडियन रोड्स काँग्रेसचा तो किमान निकष आहे, आणि त्या १.८ मध्ये विजेचा डीपी बॉक्स, फ्लेक्सचा बांबू किंवा झाडाचा कट्टा आला तर तो १.८ राहत नाही.

उंचीबद्दल माझी स्वतःची चूक सांगते. २००८ साली मी पहिला फुटपाथ केला, त्याची कड फूटभर उंच घेतली. गाड्या वर चढू नयेत हा विचार होता. गाड्या चढल्या नाहीत, पण माणसंही चढली नाहीत. गुडघे दुखणारी, पोट सुटलेली, काठी घेतलेली सगळी माणसं खालून डांबरावरून चालत राहिली. कड १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको, आणि उतार एकास बारा. प्रत्येक दुकानासमोर फुटपाथ खाली-वर करू नका. गाडी आत घ्यायची असेल तर गाडीने चढावं, माणसाची वाट सपाट राहू द्या.

आता फक्की

कबड्डीच्या मैदानाला मारतात तीच. वरची वाटणी कागदावर पक्की करण्याआधी ३०० मीटरच्या तुकड्यात रस्त्यावर आखा. रेघांवर वाळूची पोती ठेवा, कोपऱ्यांवर कुंड्या किंवा पांढरे रंगवलेले पिंप. निदान एक महिना तसंच राहू द्या. निविदा निघाल्यावर एक कड हलवायला मला तीन पत्रं लिहावी लागली होती, पोतं हलवायला दोन माणसं पुरली.

आमचे डोळे उघडले ते उसाच्या ट्रॅक्टरने. शाळेच्या कोपऱ्यावर मी वळण चांगलं आवळून घेतलं होतं, म्हणजे मोटारसायकली भरधाव वळणार नाहीत. नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू झाला आणि पहिल्याच रात्री दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर वळला. ट्रॅक्टर नीट गेला, पहिली ट्रॉली पोत्याला घासून गेली, दुसरीचं मागचं चाक फुटपाथच्या जागेवरून मुली उभ्या राहतात तिथूनच गेलं. सकाळी चाकाची खूण दिसत होती, फुटलेल्या पोत्यातली वाळू पसरलेली होती. काँक्रीट ओतलं असतं तर ती चूक वीस वर्षं तिथे राहिली असती. मग कोपऱ्याची बाहेरची पट्टी खडबडीत दगडाची आणि जेमतेम ५ सेंटिमीटर उंच केली. मोटारसायकलवाला ती टाळतो, ट्रॉलीचं चाक तिच्यावरून जातं. तिच्या आत लोखंडी खांब रोवले आणि मुलींची उभं राहायची जागा त्या खांबांच्या मागे घेतली. तुमच्याकडे ऊस नसेल तर एसटी वळवून बघा. डेपोत विनंती केली तर दुपारच्या वेळी एक गाडी देतात.

आषाढीला दिंड्या येतात, म्हणून सलग दुभाजक आम्ही घेतला नाही. फक्त क्रॉसिंगपाशी, जिथे रस्ता रुंद मिळाला तिथे, मधोमध दीड मीटरचा थांबा ठेवला. सलग दुभाजकाचा दुसरा तोटा म्हणजे राँग साइड. अर्धा किलोमीटर पुढे जाऊन वळायला कुणी तयार नसतं.

वेस पुन्हा बांधायची

महामार्गावर तासभर ऐंशीने गाडी चालवलेल्या माणसाला पन्नास म्हणजे रांगल्यासारखं वाटतं. त्याला गाव सुरू झालं हे डोळ्यांनी आणि चाकांनी कळलं पाहिजे. जुन्या वेशी अरुंद असायच्या, तिथे बैलगाडी आपोआप सावकाश व्हायची. किल्ल्यांच्या गोमुखी दरवाज्याची वाटसुद्धा वळवलेलीच, सरळ धावत येता येऊ नये म्हणून. तेच तत्त्व वापरा. शेवटच्या ३०० मीटरमध्ये रुंदी टप्प्याटप्प्याने कमी करा, डांबरावर आडव्या पट्ट्या जवळ जवळ आणत न्या, दोन्ही बाजूंना झाडं लावा आणि पहिल्या घरापाशी रस्ता थोडा वळवून मधे एक बेट द्या. तिथून शाळेपर्यंत गतिरोधक लागतीलच, पण ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असे गोलसर, रंगवलेले, वर दिवा असलेले. ताशी २५ ने गाडी त्यावरून सुखाने जाते. रात्रीत कुणीतरी ओतून ठेवलेला अरुंद डांबरी उंचवटा मोटारसायकलवर मागे बसलेल्या बाईला खाली पाडतो.

स्वागत कमान हवीच असेल तर तिचे खांब फुटपाथच्या वाटेत आणि वळणावर चालकाच्या नजरेला आडवे येऊ देऊ नका. वाढदिवसाचे फ्लेक्स त्यावर लागणार हे धरूनच जागा ठरवा.

बैठका

हातगाडीवाल्यांना शेवटी बोलावू नका. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ पासून आहे, त्याखाली नेमलेल्या समितीत त्यांचे प्रतिनिधी असतात. आखणीतच त्यांची जागा दाखवली की ते फुटपाथवर येत नाहीत. आमच्या केळीवाल्यांनीच सांगितलं की त्यांना दुपारनंतर पश्चिमेचं ऊन लागतं, म्हणून झाडांचा पट्टा त्या बाजूला आधी लावला. व्यापाऱ्यांना सात मीटरचे फोटो दाखवा, पहाटेचे आणि अकराचे. तरीही कुणी ऐकत नसेल तर मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेलं कलम १९८ अ वाचून दाखवा. ठरलेले निकष न पाळता रस्ता केला आणि त्यामुळे कुणी दगावलं किंवा अपंग झालं, तर यंत्रणा, सल्लागार आणि ठेकेदार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

काम चालू असताना काही गोष्टींवर रोज नजर ठेवा. गटाराच्या जाळीचे गज रस्त्याला आडवे हवेत, उभे असले तर सायकलचं चाक अडकतं. चकचकीत टाइल्स आल्या तर ट्रकमधून उतरवूच देऊ नका, पावसात त्यांच्यावर पाय ठरत नाही. काँक्रीटच्या आधी दर शंभर मीटरवर रस्त्याखालून रिकामे पाइप टाकून ठेवा, नळजोडणीवाला सहा महिन्यांत येतोच. दिवे फुटपाथसाठी वेगळे आणि बुटके घ्या, कारण मोठ्या खांबाचा उजेड झाडांच्या वरच राहतो.

पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन पूर्ण रस्ता चाला आणि जिथे पाणी साचेल तिथे पिवळ्या रंगाने गोल करा. ठेकेदाराची दुरुस्तीची मुदत संपायच्या आत यादी लेखी द्या. मग गळीत हंगामात त्याच दोन रेघांवर पुन्हा शंभर गाड्या मोजा. आमची पंच्याऐंशीवी गाडी आता ३३ वर आहे. डबकी तेवीस निघाली, त्यातली अठरा भरून झाली. शाळेच्या फाटकासमोरचं एक अजून तसंच आहे, दर सोमवारी मी त्यासाठी नगरपरिषदेत जाते.