बोटीचं रबर घेताना मापाआधी हे बघा

खडकवासल्याच्या बॅकवॉटरला मी फायबरच्या बोटींची दुरुस्ती करतो. गिऱ्हाईक खिशातून तुटकी पट्टी काढतं आणि म्हणतं, "दादा, अश्शीच द्या." अशीच म्हणजे काळी. अहो, काळं तर सगळंच असतं! ईपीडीएम, नायट्राइल, निओप्रीन ही रबराचीच जातीजातीची नावं, पण शेजारी शेजारी ठेवलं तर नुसतं बघून मलाही ओळखू येत नाही. म्हणून आधी एवढंच ठरवा, रबराला ऊन-पाणी लागणार की पेट्रोल-ऑइल?

हॅचचं (डेकवरच्या तोंडाचं) झाकण, खिडकीचं बीडिंग इथे ईपीडीएमच. एप्रिल-मेचं ऊन ते सोसतं. तिथे नायट्राइल लावलं की ताण पडतो तिथे बारीक आडव्या चिरा जातात; पट्टी दुमडली की त्या तोंड उघडतात. झाकणाखाली स्पंजची पट्टी हवी असेल तर तुकडा पाण्यात दाबून सोडा, बाहेर काढून पिळा. पाणी गळलं तर ती उशी-सोफ्याला ठीक, बोटीला नाही. झाकण बंद केल्यावर पट्टी तिसरा हिस्सा तरी दबायला हवी. आणि सांधा कोपऱ्यात नको, सरळ बाजूला घ्या.

पेट्रोलच्या बाजूला मात्र ईपीडीएम अजिबात नको. दुकानदाराच्या शब्दावर न जाता एक तुकडा मागून घ्या, दोन भाग करा. एक भाग पेट्रोलमध्ये, झाकणाच्या काचेच्या बरणीत, घराबाहेर सावलीत रात्रभर ठेवा. सकाळी दुसऱ्या भागाशेजारी धरा. ईपीडीएम सुजून लिबलिबीत झालेलं असतं, नखाने तुटतं. नायट्राइलही जरासं फुगतं, पण त्यात दम राहतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यामुळे इंधनाच्या लाइनमधल्या ओ-रिंगला, म्हणजे सांध्यातल्या गोल रबरी कड्याला, मी व्हायटॉन जातीचं रबरच सुचवतो. महाग आहे, पण लागते केवढीशी!

मोटरीच्या गिअरचं ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. बहुतेक वेळा प्रॉपेलर शाफ्टचं ऑइल सील गेलेलं असतं. बऱ्याच मोटरींत दोन सील पाठीला पाठ लावून बसवतात, एक ऑइल आत धरतं, दुसरं पाणी बाहेर ठेवतं. जुनी काढण्याआधी फोटो काढा. एक जरी उलटं बसलं तरी नवं सील वाया.

सिलिकॉन उष्णतेला पक्कं, पण घासलं की फाटतं. येता-जाता पाय पडतो तिथे नको. निओप्रीन ऊन-पाणी आणि पेट्रोल-ऑइल दोन्हीकडे मधलं, दुसरं काही मिळालं नाही तर.

ईपीडीएमला साधं ग्रीस किंवा व्हॅसलीन फासू नका, फुगतं. सिलिकॉन ग्रीस घ्या.

ओ-रिंग, ऑइल सील पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत बघा. वेगळ्या आकाराची पट्टी हवी तर भोसरी एमआयडीसीत चौकशी करा, नमुना सोबत न्या. कुठूनही घ्या, बिलावर 'रबर' एवढंच लिहू देऊ नका. मटेरियलचं नाव आणि शोअर हार्डनेस, म्हणजे रबर किती कडक त्याचा आकडा, लिहून मागा. ओ-रिंगला साधारण ७० चालतं.