मुलींचा सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप पाहायचाय? मग वही काढा

आधी एक साधी वही आणि पेन घ्या. मोबाइलवर टिपणं काढायची नाहीत, कारण मोबाइल हातात आला की मॅच बाजूला राहते. मी मुलींना फुटबॉल शिकवते, आणि फिफाची सतरा वर्षांखालची स्पर्धा वहीशिवाय बघायची नाही असा माझ्याकडे नियमच आहे. मुली कुरकुरतात, पण लिहितात.

मोठ्यांच्या वर्ल्डकपमध्ये कोणाकडे बघायचं ते जाहिरातवाल्यांनी आधीच ठरवून दिलेलं असतं. इथे तसं नाही. मैदानावरच्या बावीसजणींपैकी एकीचंही नाव तुम्ही ऐकलेलं नसतं, त्यामुळे बघायचं कोणाकडे हे तुमचं तुम्हीच ठरवायचं. आणि ते नीट ठरवलंत तर पुढची दहा वर्षं पुरेल इतकं हाती लागतं. स्पेनची साल्मा पाराल्युएलो घ्या. २०१८ साली उरुग्वेत सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप जिंकणाऱ्या टीममध्ये ती होती. २०२२ मध्ये कोस्टा रिकात वीस वर्षांखालचा जिंकला, त्या फायनलमध्ये जपानविरुद्ध तिचे दोन गोल होते. २०२३ मध्ये सिडनीला मोठ्यांचा वर्ल्डकपही जिंकला. हे तिन्ही जिंकणारी ती पहिलीच. २०१८ मध्ये जिने तिचं नाव वहीत लिहिलं असेल, तिला २०२३ ची फायनल बघताना काय वाटलं असेल, याचा विचार करा.

मॅचच्या आधी

स्पर्धेची रचना पाच मिनिटांत समजते. २००८ मध्ये न्यूझीलंडला पहिली स्पर्धा झाली, त्यानंतर बराच काळ ती दोन वर्षांतून एकदा, सोळा टीमची असायची. २०२५ पासून चोवीस टीम आहेत आणि स्पर्धा दरवर्षी होते. २०२५ ते २०२९ अशी सलग पाच वर्षं ती मोरोक्कोत ठेवली आहे. सहा ग्रुप, प्रत्येकात चार टीम. प्रत्येक ग्रुपमधल्या पहिल्या दोन पुढे जातात, शिवाय तिसऱ्या आलेल्यांपैकी चांगल्या चार. एकूण बावन्न मॅच. सगळ्या बघायच्या नाहीत, माणसाला झोपही लागते. मोरोक्को भारतापेक्षा साडेचार तास मागे आहे, त्यामुळे तिथली रात्री आठची मॅच आपल्याकडे साडेबाराला, म्हणजे दुसऱ्या तारखेला सुरू होते. कॅलेंडरवर खूण करताना तारीख तपासा.

वयाचं गणित जन्मवर्षावर चालतं. २०२५ च्या स्पर्धेत १ जानेवारी २००८ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुली खेळल्या. म्हणजे स्पर्धेच्या वेळी काहींना सतरावं पूर्ण झालेलं होतं, आणि त्यांच्यासमोर पंधराचीही मुलगी असू शकत होती. त्या वयात दोन वर्षांचं अंतर फार मोठं. म्हणून मॅचआधी फिफाच्या वेबसाइटवरून दोन्ही टीमच्या याद्या उघडा आणि नावापुढे जन्मवर्ष लिहा. एखादी मुलगी अंगापिंडाने मोठी आहे म्हणून सगळ्यांना मागे टाकते आहे की खरोखर चांगली खेळते आहे, हे त्याशिवाय कळत नाही. लहान असून टिकून राहणारी मुलगी दिसली की मी तिच्या नावाखाली दोन रेघा मारते.

पहिली वीस मिनिटं एकीवरच नजर

टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागे धावतो. तुम्ही धावू नका. मिडफिल्डमधली एक मुलगी निवडा, शक्यतो सहा किंवा आठ नंबरची, आणि वीस मिनिटं तिच्यावरच नजर ठेवा. ती टीव्हीच्या पडद्याबाहेर गेली तर परत येईल, मिडफिल्डर फार वेळ लपून राहत नाही.

बघायच्या गोष्टी तीन. बॉल आपल्याकडे यायच्या आधी ती मान वळवून मागे बघते का, आणि किती वेळा. सोप्या पासला न बघणाऱ्या मुली भरपूर असतात. दोन-तीनदा बघून घेणारी दिसली की समजा, हिला बॉल मिळायच्या आधीच पुढचा पास माहीत आहे. दुसरं, फर्स्ट टच, म्हणजे बॉलला तिचा पहिला स्पर्श झाल्यावर तो कुठे जातो. पायाशीच थांबतो, की मोकळ्या जागेकडे सरकतो? समोरची डिफेंडर अंगावर आली की हा फरक ठळक दिसतो. तिसरं, बॉल हरवल्यावर पहिल्या तीन सेकंदांत ती काय करते. कमरेवर हात ठेवते, रेफ्रीकडे बघते, की वळून धावते? कौशल्य शिकवता येतं. ही तिसरी गोष्ट शिकवताना मात्र माझ्या नाकी नऊ येतात, म्हणून तिला माझ्या वहीत सगळ्यात जास्त जागा असते.

प्रत्येक मान वळवण्याला एक उभी रेघ मारा. बस्स. कोणी मोठं विश्लेषण लिहायला सांगितलेलं नाही. वीस मिनिटांनंतर दुसऱ्या टीममधली त्याच जागेवरची मुलगी निवडा आणि दोघींच्या रेघा शेजारी शेजारी ठेवा. कॉमेंटेटर सांगत नाही ते तिथे दिसतं. (कॉमेंटेटर प्रत्येक डावखुऱ्या मुलीला 'पुढची मेस्सी' म्हणतात. तेवढ्यापुरता आवाज बंद करायला हरकत नाही.)

गोलकीपरला शिव्या घालण्याआधी

गोलपोस्ट मोठ्यांचाच असतो: रुंदी ७.३२ मीटर, उंची २.४४ मीटर. त्यात पंधरा-सोळा वर्षांची मुलगी उभी असते. लांबून मारलेला उंच शॉट तिच्या डोक्यावरून आत गेला की सोफ्यावर बसलेले सगळे एका सुरात 'अरे, काय हे!' करतात. तुम्ही तसं म्हणण्याआधी शॉट मारला त्या क्षणी ती कुठे उभी होती ते बघा. फार पुढे आली होती का? शॉटच्या आधी पाय जमिनीवर स्थिर होते का? कॉर्नरला आपली जागा सोडून बॉलवर जायचं की थांबायचं, हे तिने ठरवलं होतं का? चुकीचा निर्णय पटकन घेणारी कीपर मला चालते. निर्णयच न घेणारी नाही. बचावाच्या झेपा सगळे मोजतात. तुम्ही तिच्या पासची नोंद ठेवा. दबाव असताना ती जवळच्या डिफेंडरला बॉल देते की डोळे मिटून लांब भिरकावते, यावरून तिच्या टीमने काय सराव केला आहे ते समजतं.

स्कोअरबोर्डवर फार विसंबू नका

या वयोगटात मोठमोठे स्कोअर होतात आणि ते वाचून माणूस चॅनल बदलतो. २०२२ मध्ये ही स्पर्धा भारतात झाली, मॅच भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फिफाने भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केलं होतं. निलंबन महिनाअखेरीस उठलं, तेव्हा कुठे स्पर्धा इथे राहिली. यजमान म्हणून भारताच्या मुली खेळल्या. ११ ऑक्टोबरला कलिंगा स्टेडियमवर अमेरिकेकडून ८-० हरल्या. बहुतेकांच्या लक्षात तेवढाच आकडा आहे. तीनच दिवसांनी त्याच मुलींनी मोरोक्कोला मध्यंतरापर्यंत ०-० वर रोखून धरलं होतं. शेवटी ३-० हरल्या, हे खरं. पण आठ गोल खाल्ल्यावर बहात्तर तासांत ज्या टीमची मागची फळी पुन्हा जागेवर उभी राहते, तिच्याबद्दल लिहिण्यासारखं खूप असतं. ती मॅच बघितलेल्यांपैकी किती जणांनी डिफेंडरची नावं टिपली, मला शंका आहे.

त्यासाठी एक युक्ती सांगते. मॅचचे पंधरा-पंधरा मिनिटांचे सहा तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याचा स्कोअर वेगळा लिहा. ५-० ने हरलेली टीम सहापैकी तीन तुकड्यांत बरोबरीत असते, असं अनेकदा दिसतं. गोल एका तुकड्यात धडाधड पडलेले असतात. मग तो तुकडा परत बघायचा: बदली खेळाडू आली होती का, एखादी दुखापत झाली होती का, की सगळ्याजणी पुढे जाऊन बसल्या होत्या?

हरलेल्या टीममधूनही नाव हाती लागतं. झाम्बियाची टीम २०१४ मध्ये कोस्टा रिकात ग्रुपमध्येच बाद झाली. त्यात चौदा वर्षांची बार्ब्रा बांडा होती. तीच मुलगी पुढे टोकियो ऑलिम्पिकमध्ये लागोपाठ दोन मॅचमध्ये हॅट्ट्रिक करून बसली.

कोच बोट फिरवते तेव्हा

नवीन प्रेक्षक इथे हमखास गोंधळतात. २०२२ ला नेहमीचं व्हीएआर होतं, म्हणजे वेगळे पंच व्हिडिओ बघून निर्णय तपासायचे. २०२४ पासून या स्पर्धेत वेगळी पद्धत आहे: व्हिडिओ बघणारे वेगळे पंच नसतात, कोचने मागणी करायची. कोच हवेत बोट गोल फिरवते, चौथ्या पंचाच्या हातात कार्ड देते, आणि रेफ्री स्वतः मॉनिटरपाशी जाऊन बघते. मागणी गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड किंवा चुकीच्या खेळाडूला दिलेलं कार्ड यापुरतीच. प्रत्येक टीमला दोन मागण्या. निर्णय बदलला तर मागणी शिल्लक राहते. त्यामुळे कोचचा स्वभावही कळतो. पहिल्या दहा मिनिटांत दोन्ही उडवणारी कोच असते आणि नव्वदाव्या मिनिटापर्यंत एक राखून ठेवणारीही असते. वहीच्या वरच्या कोपऱ्यात दोन चौकोन काढून ठेवा आणि वापरले की खोडा.

नॉकआउटमध्ये बरोबरी झाली तर जादा वेळ नाही, सरळ पेनल्टी. या स्पर्धेत पेनल्टीला फार महत्त्व आहे. २०२५ पर्यंतच्या नऊ फायनलपैकी चार शूटआऊटवर गेल्या: २०१०, २०१२, २०१६ आणि २०२४. म्हणून ऐंशीव्या मिनिटाला बरोबरी असेल तर उठू नका. कोण मैदानावर आली, कोणाला बाहेर काढलं ते बघा.

उत्तर कोरिया, वेगळं पान

वहीत एक पान त्यांच्यासाठी राखून ठेवा. २००८, २०१६, २०२४, २०२५, चार वेळा त्यांनी ही स्पर्धा जिंकली. २०२५ च्या फायनलमध्ये नेदरलँड्सला ३-० ने हरवलं. दुसरीकडे मोठ्यांचा वर्ल्डकप चार वेळा जिंकणारी अमेरिका २०२५ पर्यंत हा एकदाही जिंकलेली नाही, आणि जर्मनीही नाही. उत्तर कोरियाच्या मुली क्लबच्या मॅचमध्ये आपल्याला फारशा दिसत नाहीत, त्यामुळे त्यांना बघायची मोठी संधी म्हणजे हीच. त्या दोन्ही पायांनी मारतात. बॉल गेला की तिघी एकदम तुटून पडतात, आणि हे सत्तराव्या मिनिटालाही तितकंच. मी माझ्या मुलींना त्यांचे गोल बघायला सांगत नाही, गोलच्या आधीचे दहा सेकंद बघायला सांगते.

स्पर्धा संपल्यावर

प्रत्येक टीममधून दोनच नावं ठेवा, बाकीची खोडा. इथे मन घट्ट करावं लागतं. प्रत्येक नावापुढे जन्मवर्ष, जागा, आवडता पाय आणि एक वाक्य. 'छान खेळते' हे वाक्य नव्हे. 'डाव्या बाजूने आत वळते, उजव्याने मारते, थकली की मागे येत नाही' हे वाक्य. मग त्या नावांचा वीस वर्षांखालच्या स्पर्धेत शोध घ्या. कधी कधी फार वाट बघावी लागत नाही. कोलंबियाची लिंडा काइसेदो ऑगस्ट २०२२ मध्ये वीस वर्षांखालचा वर्ल्डकप खेळली, ऑक्टोबरमध्ये भारतात सतरा वर्षांखालचा खेळून फायनलपर्यंत गेली (नवी मुंबईत स्पेनने १-० जिंकलं, तेही ८२ व्या मिनिटाच्या स्वयंगोलावर), आणि २०२३ च्या जुलैत मोठ्यांच्या वर्ल्डकपमध्ये गोल मारत होती.

या मुली आहेत, हे मात्र विसरू नका. नावं वहीत लिहा, त्यांच्या इन्स्टाग्रामवर जाऊन पेनल्टी हुकल्याबद्दल लिहू नका. माझ्याकडे हे करणाऱ्याला बाकावर बसवतात, मग तो पालक का असेना.

भारताच्या वाटेवर लक्ष ठेवायचं असेल तर आशियातली स्पर्धा बघायला लागा. २०२५ च्या वर्ल्डकपला आशियातून चारच टीम होत्या: जपान, चीन आणि दोन्ही कोरिया. भारताने ऑक्टोबर २०२५ मध्ये किर्गिझस्तानात, बिश्केकच्या मैदानावर उझबेकिस्तानला २-१ हरवून सतरा वर्षांखालच्या आशियाई स्पर्धेची जागा मिळवली. यजमान असल्यामुळे मिळालेली नाही, मैदानावर खेळून मिळवलेली. अशा पात्रता फेऱ्यांचं प्रक्षेपण कुठेतरी कोपऱ्यात, एकाच कॅमेऱ्यावर, कॉमेंट्रीशिवाय चालतं. एका मुलीवर नजर ठेवायला ते उलट जास्त सोयीचं पडतं, कारण तो कॅमेरा लांबून अर्धं मैदान दाखवत राहतो.