एपी सायन्स की कम्युनिटी कॉलेजचा कोर्स: निवड कशी करावी

अमेरिकेतील हायस्कूलच्या अकरावी-बारावीत विज्ञानाची ओढ असलेल्या मुलांपुढे विषय निवडताना बहुधा दोन पर्याय असतात: शाळेतच शिकवला जाणारा एपी, म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंटचा वर्ग, किंवा ड्युअल एन्रोलमेंटच्या, म्हणजे हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे कोर्स घेण्याच्या सोयीतून जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (स्थानिक, बहुधा दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) घेतलेला कोर्स. भारतात शिकलेल्या पालकांना दुसरा पर्याय ‘खरे कॉलेज’ म्हणून वरचढ वाटणे साहजिक आहे. परंतु पुढचे विद्यापीठ त्या कोर्सचे काय करणार, हे आधी पाहावे.

एपीचे क्रेडिट, म्हणजे तो विषय पूर्ण झाल्याची विद्यापीठाने दिलेली मान्यता, एपी चालवणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या मे महिन्यातील एकाच परीक्षेवर अवलंबून असते. तिचे गुण १ ते ५ असे असतात. काही विद्यापीठांना ३ चालतात, तर विज्ञानाचे अनेक विभाग ४ किंवा ५ मागतात. परीक्षा बिघडली तर क्रेडिट जाते, पण प्रवेश-अर्जात ते गुण सहसा कळवावे लागत नाहीत. कॉलेजच्या कोर्सचे मात्र तसे नाही. तेथे सेमिस्टरभराच्या कामावर श्रेणी मिळते आणि ती कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवर (अधिकृत गुणपत्रकावर) कायमची राहते. मुदतीनंतर कोर्स सोडल्यास ‘डब्ल्यू’ची (‘विथड्रॉन’, म्हणजे कोर्स सोडल्याची) नोंदही राहते. डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे, कारण वैद्यकीय महाविद्यालयांच्या अ‍ॅमकास या सामाईक अर्जात हायस्कूलमध्ये असताना घेतलेला प्रत्येक कॉलेज कोर्स दाखवावा लागतो आणि सोळाव्या वर्षी मिळालेली ‘सी’ श्रेणीदेखील जीपीएत, म्हणजे श्रेणींच्या सरासरीत, धरली जाते.

त्यानंतर, मनात असलेल्या चार-पाच विद्यापीठांची क्रेडिटविषयक पाने उघडून बसावे. आपल्याच राज्यातील सरकारी विद्यापीठात जायचे असेल तर कम्युनिटी कॉलेजचे क्रेडिट बहुधा सुरळीत मान्य होते. कॅलिफोर्नियात ‘असिस्ट’ या संकेतस्थळावर कोणता कोर्स कोणत्या कोर्सच्या जागी चालतो हे पाहता येते, आणि टेक्सासात त्यासाठी सामाईक कोर्स क्रमांक आहेत. खासगी विद्यापीठांचे नियम अधिक कडक असू शकतात: हायस्कूलच्या पदविकेसाठी मोजलेला किंवा हायस्कूलच्याच इमारतीत शिकवलेला कॉलेज कोर्स त्यांपैकी अनेक जण स्वीकारत नाहीत. कॅलटेक हे खासगी विद्यापीठ तर एपीसाठी क्रेडिटच देत नाही.

कोर्सच्या नावावर विसंबू नये. एपी फिजिक्स १ आणि २ बीजगणितावर आधारलेले असून फिजिक्स सी कॅल्क्युलसवर आधारलेले आहे. अभियांत्रिकीच्या विभागांना साधारणपणे कॅल्क्युलसवर आधारलेले भौतिकशास्त्रच हवे असते, त्यामुळे फिजिक्स १ मध्ये ५ मिळूनही तो विषय पुन्हा घ्यावा लागू शकतो. कम्युनिटी कॉलेजातही विज्ञान शाखेबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी जीवशास्त्राचे आणि रसायनशास्त्राचे वेगळे, हलके कोर्स असतात. चुकून तो घेतला तर श्रेणी चांगली येईल, पण उपयोग होणार नाही.

कॉलेजातील वेगही निराळा असतो: शाळेत वर्षभर चालणारा भाग तेथे बऱ्याचदा एका सेमिस्टरमध्ये संपवतात, आणि प्रयोगशाळेचा तास दुपारभर चालू शकतो. गाडी कोण चालवणार, हा प्रश्न क्षुल्लक नाही. शिवाय ‘फर्पा’ या संघीय कायद्यानुसार कॉलेजातील नोंदींवरचा हक्क, वय अठराच्या आत असले तरी, विद्यार्थ्याकडे जातो, त्यामुळे पालकांनी प्राध्यापकांना ईमेल करून प्रगती विचारण्याची सवय येथे चालत नाही.

माझ्या मते, शाळेत एपी केमिस्ट्री किंवा फिजिक्स सी चांगले शिकवले जात असेल तर प्रथम तेच घ्यावे, आणि शाळेत जे नाही, उदाहरणार्थ एपीच्या पुढचे गणित किंवा ऑरगॅनिक केमिस्ट्री, त्यासाठी कॉलेजकडे वळावे. शाळेत एपी विज्ञान नसेल किंवा मूल वर्षभर उत्तम काम करूनही एका परीक्षेत गडबडणारे असेल, तर कॉलेज सरस ठरते. मात्र पहिल्या सेमिस्टरला एकच कोर्स घ्यावा.

कॉलेजच्या नोंदणीसाठी बहुधा शाळेच्या काउन्सेलरची स्वाक्षरी लागते, म्हणून वसंत ऋतूतच त्यांची भेट घ्यावी. शुल्काची माहितीही तेव्हाच घ्यावी, कारण काही राज्यांत हायस्कूलच्या विद्यार्थ्यांना ते माफ असते, पण पुस्तकांचा खर्च उरतो. कोर्स कोणताही असो, सिलॅबस आणि प्रयोगवही जपून ठेवावी. क्रेडिट देण्यापूर्वी काही विभाग नेमके तेच मागतात.