आजी-आजोबा येणार आहेत? आधी त्यांना घराची किल्ली फिरवायला शिकवा

गेल्या सहा वर्षांत जर्मनीतल्या आखेनमधल्या माझ्या दीड खोलीत घरची मोठी माणसं चार वेळा राहून गेली. आजी-आबा दोनदा, आजी एकटी एकदा आणि एकदा मैत्रिणीचे आजोबा. दर वेळी मिळालेले सल्ले फिरण्याचेच होते. पॅरिस दाखव, ॲम्स्टरडॅम दाखव, स्वित्झर्लंड राहू देऊ नकोस. सत्तरी ओलांडलेल्या माणसांची अशी फरफट करू नका. ती शहरं बघायला येत नाहीत, आपलं नातवंड कुठे राहतं आणि काय खातं ते बघायला येतात. तयारी करायची ती त्यांच्या रोजच्या दिवसाची.

कागदपत्रं. शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा पाहुण्यांचा व्हिसा) १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. मी सहा आठवड्यांच्या वर बोलावत नाही. विद्यार्थ्याच्या तुटपुंज्या उत्पन्नावर खर्चाचं हमीपत्र बहुधा मिळत नाही, त्यामागे महिना घालवू नका. आबांचं पेन्शन, ठेवींच्या पावत्या आणि पासबुक जोडा. किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतोच, पण त्यात बीपी-शुगरसारखे जुने आजार धरलेत का, हे पॉलिसीतलं बारीक अक्षर स्वतः वाचून बघा. एजंटच्या ‘सगळं कव्हर आहे’वर विसंबू नका. वसतिगृहात असाल तर पाहुणा किती रात्री चालतो ते आधी विचारा.

सामान. तूप, पेढे, दुधाचं काहीही नाही. युरोपीय संघाबाहेरून येताना प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. हापूस आणि ताजा कढीपत्ताही नाही. हे आजीला बांधाबांध सुरू व्हायच्या आधी सांगा, कारण स्वतः कढवलेलं तूप विमानतळावर टाकून द्यावं लागलं तर तिच्या जिवाला फार लागतं. मेतकूट, भाजणी, कोकम, कुळथाचं पीठ खुशाल येऊ द्या. औषधं पूर्ण मुक्कामाची, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कंपनीच्या नावासोबत औषधाचं मूळ नावही लिहून घ्या; आपल्याकडची कंपन्यांची नावं इथल्या औषधाच्या दुकानात ओळखत नाहीत. व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, बहुधा पैसे पडत नाहीत. आबा म्हणतील, ‘मला चालता येतं.’ त्यांना सांगा, चालण्याचा प्रश्नच नाही, सोबतचा माणूस इमिग्रेशनच्या रांगेतून थेट बाहेर आणून सोडतो.

स्वयंपाकघर. काचेची शेगडी बंद केल्यावरही तापलेली असते, लाल दिवा विझेपर्यंत तिला हात लावायचा नाही. फोडणी खिडकी उघडून आणि खोलीचं दार लावून, नाहीतर धुराचा अलार्म बोंबलतो.

आता खरं अवघड काम: तुम्ही कॉलेजला गेल्यावरचे आठ तास.

पहिल्या वेळी मी सांगून गेले होते, ‘मी येईपर्यंत बाहेर पडू नका.’ काळजीपोटीच सांगितलं होतं. चौथ्या दिवशी साडेपाचला घरी आले, तर आबा स्वेटर, बूट, कानटोपी घालून खुर्चीत बसलेले. आजी हळूच म्हणाली, ‘दोन वाजल्यापासून तयार होऊन बसलेत.’ चिपळुणात हा माणूस रोज सकाळी बाजारात जाऊन मासळी आणि पेपर आणतो, वाटेत चार जणांशी बोलतो. त्याला मी चार दिवस कोंडून ठेवलं होतं. ‘टॅबवर मराठी मालिका लावून द्या, वेळ जातो’ असं जे सांगतात, त्यांनी अनोळखी गावात आठ तास भिंतीकडे बघत काढून बघावेत, मग सांगावं.

दुसरी चूक किल्लीची. इथल्या बहुतेक घरांच्या दाराला बाहेरून फिरणारी मूठ नसते. दार मागे ओढलं गेलं की लागतं, आणि किल्ली आत राहिली की तुम्ही बाहेर. आबा कचऱ्याची पिशवी टाकायला खाली उतरले, मागून आजीही दोन पावलं बाहेर आली आणि दार लागलं. दोघं सपातांवर, फोन आत, आणि मी प्रयोगशाळेत. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी त्यांना दोन तास आपल्या घरी बसवून घेतलं. कुलूपवाल्याला रविवारी किंवा रात्री बोलवायची वेळ आली तर बिल शेकड्यांत जातं.

म्हणून पहिल्याच दिवशी, बॅगा उघडायच्याही आधी, किल्ली गोफात ओवून गळ्यात घाला. दोघांना दोन वेगळ्या. माझ्या दाराला किल्ली फिरवताना दार किंचित आपल्याकडे ओढावं लागतं. तुमच्या दाराची अशी जी खोड असेल ती हात धरून दाखवा. मग तुम्ही आत थांबा, त्यांना बाहेर उभं करा आणि दहा वेळा उघडायला लावा. ‘समजलं ना?’ विचारू नका. तुमचा वेळ मोडू नये म्हणून ते नेहमी हो म्हणतात.

मग रस्ता. एकच, पंधरा मिनिटांचा, शेवटी बसायला बाक आणि वाटेत बेकरी असलेला. पहिल्या दिवशी तुम्ही पुढे. रस्त्यांची नावं पाठ करून घेऊ नका, खुणा त्यांनाच ठरवू द्या. आजीचा रस्ता असा होता: निळ्या दाराशी वळायचं, दगडी कुत्रा दिसला की सरळ, पाव भाजल्याचा वास आला की पोचलो. दुसऱ्या दिवशी ते पुढे आणि तुम्ही दहा पावलं मागे; चुकले तरी गप्प राहा, स्वतः परत फिरतात की नाही ते बघा. तिसऱ्या दिवशी ते एकटे आणि तुम्ही घरी फोनजवळ. मला ती पंचवीस मिनिटं फार जड गेली, पण ही पायरी गाळू नका.

दोन गोष्टी मात्र पुन्हा पुन्हा सांगा. इथे गाड्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायचं. साठ-सत्तर वर्षांची मानेची सवय उलटी आहे. आणि फुटपाथवरचा लाल पट्टा सायकलींचा आहे, त्यावर उभं राहून बोलायचं नाही. खिशात जर्मनमध्ये लिहिलेला पत्ता आणि तुमचा नंबर. फोनमध्ये इथलं सिम, लोकेशन चालू, आणि तातडीच्या मदतीचा ११२ नंबर पाठ. रात्री-अपरात्री डॉक्टर हवा पण जिवावर बेतलेलं नाही, अशा वेळी ११६११७.

आणि काम द्या. नुसतं फिरायला माणूस चार दिवस जातो, कामाला रोज जातो. इथे एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, सुपरमार्केटच्या यंत्रात बाटली घातली की पावती मिळते. आबांनी हे काम घेतलं. शेजारच्या मुलांच्या बाटल्याही गोळा करायचे, वहीत हिशोब मांडायचे: पन्नास बाटल्यांचे साडेबारा युरो, तारखेसह. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारी दूध-भाजी भरण्याची जबाबदारीही त्यांचीच.

जूनमध्ये येत असतील तर जाड पडदे लावा. इथे तेव्हा पावणेदहापर्यंत उजेड असतो. दिवेलागणी कधी करायची म्हणून आजी दोन दिवस अस्वस्थ होती. मग घड्याळात सात वाजले की दिवा लावायचा, असं तिनेच ठरवलं.

फिरणं. आठवड्यातून एक ठिकाण, पुढचा दिवस मोकळा. एलिझेनब्रुन्नेनच्या गंधकाच्या गरम झऱ्यापाशी आजी वास घेऊन म्हणाली, ‘अगं, हे तर आपल्या तुरळचं पाणी!’ (संगमेश्वराजवळच्या तुरळला असेच गरम झरे आहेत.) जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियमच्या सीमा जिथे मिळतात त्या खांबाभोवती आबांनी तीन फेऱ्या घातल्या. एलिझेनब्रुन्नेनला सिटी बसने जाता येतं.

परतीच्या तिकिटावर व्हीलचेअर नोंदवली आहे ना, ते तीन दिवस आधी तपासा. आणि गळ्यातली किल्ली घरातच काढून घ्या. आबांची फ्रँकफर्ट विमानतळावरच्या तपासणीच्या रांगेपर्यंत गेली होती. तिथे त्यांनी ती काढून माझ्या हातावर ठेवली आणि मग आत गेले.