घबाड सापडलेल्या माणसाची क्राइम स्टोरी कशी लिहायची

आधी रक्कम ठरवा आणि ती मोजून बघा. एक कोटी म्हणजे पाचशेच्या २०,००० नोटा, शंभर-शंभर नोटांच्या २०० गड्ड्या, त्या हिरोने शर्टात लपवून घरी आणल्या असं लिहिलंत की वाचक तिथेच पुस्तक मिटणार. त्या ठेवणार कुठे? दोन खोल्यांच्या घरात कपाटाची चावी बायकोकडे असते.

मग साल ठरवा. ८ नोव्हेंबर २०१६ च्या दुपारी एसटी स्टँडवर बॅग सापडली आणि रात्री आठला घोषणा होऊन मध्यरात्रीपासून नोटा बाद झाल्या तर बघा, ३० डिसेंबरपर्यंत बँकेत भरायच्या आणि आपल्या खात्यावर भरल्या की विचारणार पैसे कुठून आले, मग हा माणूस मेव्हण्याच्या, कामवाल्या मावशींच्या खात्यावर थोडे थोडे टाकणार आणि प्रत्येकाला वेगळी थाप मारणार. आजची गोष्ट असेल तर दोन लाख किंवा त्यापेक्षा जास्त रोख कोणी घ्यायचीच नाही असा नियम आहे, १ एप्रिल २०१७ पासून, म्हणजे बुलेट किंवा मोठा दागिना रोखीत घेताना तो अडकतोच, आणि अडकला की ओळखीच्या सोनाराला "दोन बिलं करा ना" म्हणतो. झालं, गावात एकाला कळलं.

माझं ठाम मत, पोलीस आणि बॅगवाला गुंड लवकर आणू नका. भीती आधी गल्लीतून येऊ द्या. तीन महिन्यांची किराण्याची उधारी त्याने एकदम चुकती केली, दुकानदाराने वहीत रेघ मारली आणि काहीच विचारलं नाही. हे 'काहीच विचारलं नाही' नीट लिहा, घाई करू नका, कारण त्या रात्री हिरोला झोप लागत नाही. बायकोला तर त्याच्याही आधी कळलेलं असतं, गॅसच्या पैशावरून कटकट करणारा नवरा अचानक गप्प का झाला हे तिला बरोबर समजतं, आणि ती काय करते यावर तुमची अर्धी गोष्ट उभी राहते.

हिरोला निष्पाप ठेवू नका. मालक शोधायचा प्रयत्नही न करता सापडलेले पैसे वापरणं हाच गुन्हा आहे, आधी आयपीसीचं कलम ४०३, आता भारतीय न्याय संहितेचं ३१४. पुढचा प्रत्येक गुन्हा आधीचा झाकायलाच झाला पाहिजे, खून आला तरी तसाच.

लिहायला बसाल तेव्हा बॅग सापडण्याच्या सीनपासून सुरू करू नका, तो घरी येतो आणि बायको विचारते "उशीर का झाला?" तिथून करा.