बुद्धिमत्तेचे मार्क वाचण्यात जातात

गणित कच्चं म्हणून भरती परीक्षेतली बुद्धिमत्ता जमत नाही आणि पाठांतर होत नाही म्हणून शब्दसंग्रह जमत नाही, ही समजूत आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात जवळजवळ प्रत्येक अभ्यासिकेत ऐकू येते. मी स्वतः भरतीची परीक्षा देऊनच महसूल खात्यात लागलो. तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात सगळे अजून तलाठीच म्हणतात. सुट्टीच्या दिवशी मी गावातल्या पोरांसोबत अभ्यासिकेत बसतो. तिथे एक गोष्ट सारखी दिसते. चुकलेला प्रश्न मी मोठ्याने, शब्द न् शब्द वाचून दाखवला की निम्म्या वेळा पोरगा माझं वाचून होण्याआधीच बरोबर उत्तर सांगतो. म्हणजे डोकं चालत होतं, वाचणं झालं नव्हतं.

आधी कशाला किती वेळ मिळतो ते डोक्यात पक्कं करा. तलाठी भरती २०२३ मध्ये मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणी असे प्रत्येकी २५ प्रश्न होते. एकूण २०० गुण, दोन तास आणि चुकीच्या उत्तराला वजावट नाही. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. पोलीस भरतीच्या लेखीत १०० प्रश्नांना दीड तास, म्हणजे ५४ सेकंद. एमपीएससीच्या गट ब आणि गट क संयुक्त पूर्वला १०० प्रश्न आणि एकच तास, वरून चुकलं की पाव गुण कापला. राज्यसेवा पूर्वचा सीसॅट, म्हणजे आकलन आणि बुद्धिमापनाचा पेपर, वेगळा: ८० प्रश्न, दोन तास, आणि ३३ टक्के मिळाले की पास. तलाठी-पोलीसला एकही गोल रिकामा ठेवणं वेडेपणा आणि संयुक्त पूर्वला सगळे भरणं वेडेपणा. दोन्हींचा सराव एकाच पद्धतीने करणारी पोरं मला समजत नाहीत. आणि पुढच्या भरतीची जाहिरात आली की ती पुन्हा वाचा, कारण नियम बदलतात.

आता प्रश्नांकडे येऊ. विधान आणि निष्कर्ष हा प्रकार घ्या. ‘सर्व बैल प्राणी आहेत. काही प्राणी पांढरे आहेत.’ निष्कर्ष एक: काही बैल पांढरे आहेत. निष्कर्ष दोन: काही पांढरे प्राणी आहेत. अभ्यासिकेत हा प्रश्न टाकला की हमखास कोणीतरी म्हणतो, “पांढरे बैल तं आपल्याच गोठ्यात हायेत ना भाऊ!” आहेत, पण प्रश्नात नाहीत. बैलांचं वर्तुळ प्राण्यांच्या वर्तुळाच्या आत काढा. पांढऱ्यांचं वर्तुळ प्राण्यांना छेदेल असं काढा, पण बैलांना शिवू देऊ नका. दोन्ही विधानं खरी राहिली आणि पहिला निष्कर्ष पडला. दुसरा मात्र कसाही काढला तरी टिकतो. निष्कर्ष मोडणारी एक आकृती सापडली की झालं, दहा आकृत्या काढायची गरज नाही. शेतकऱ्याच्या पोराला इथे त्याची माहितीच आडवी येते. ज्याला विषय माहीत नाही तो मुकाट्याने वर्तुळं काढतो आणि मार्क घेऊन जातो.

गृहीतकांच्या प्रश्नात हीच गोष्ट अजून जोरात होते. ‘७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय शेतकऱ्यांनी पेरणी करू नये, असे आवाहन करण्यात आले आहे.’ यात काय गृहीत धरलंय? ‘काही शेतकरी आवाहन ऐकून निर्णय बदलू शकतात’ हे धरलंय, नाहीतर आवाहन केलंच कशाला असतं? ‘पावसाचा अंदाज नेहमी चुकतो’ हे धरलेलं नाही. पण दुबार पेरणी पाहिलेल्या घरातल्या पोराचा हात आपोआप त्याच पर्यायावर जातो.

नातेसंबंधांत मराठी मुलांना खरं तर मोठा फायदा आहे. इंग्रजीत अंकल म्हटलं की काका, मामा, मावसा, आत्याचा नवरा सगळे एकाच पोत्यात. आपल्याकडे प्रत्येकाला वेगळं नाव. घोळ होतो तो घरातल्या हाका मारण्याच्या पद्धतीमुळे. आपल्याकडे कितीतरी घरांत सून सासऱ्याला मामाजी म्हणते आणि सासूला आत्या, कारण मामाची किंवा आत्याची मुलगी करण्याची रीत होती. प्रश्न असा येतो: ‘अ ही ब च्या मुलाची पत्नी आहे. ब आणि क हे भाऊ आहेत. तर क हा अ चा कोण?’ उत्तर चुलत सासरा. पर्यायात ‘मामा’ दिसला की गावातली मुलगी क्षणभर थबकतेच. म्हणून तोंडी सोडवू नका, झाड काढा. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, नवरा-बायकोत आडवी दुहेरी रेघ, लेकरं खाली. आणि जिथे स्त्री की पुरुष हे दिलंच नाही तिथे प्रश्नचिन्ह टाका. नावावरून लिंग ठरवलं की फसलात, कारण परीक्षक मुद्दाम ‘किरण’ आणि ‘सुमन’ अशी नावं टाकतो.

दिशांमध्ये गावची पोरं शहरातल्यांना ऐकत नाहीत. वावराचा धुरा (बांध) उगवतीला की मावळतीला, हे लहानपणापासून कानावर असतं, खरेदीखतातली चतुःसीमा घरात वाचलेली असते. तरीही सावलीचा प्रश्न चुकतो. ‘सूर्योदयानंतर थोड्याच वेळात एका खांबाची सावली रमेशच्या उजव्या हाताला पडली. त्याचे तोंड कोणत्या दिशेला?’ सकाळी सावली पश्चिमेला. पश्चिम उजव्या हाताला यायची तर तोंड दक्षिणेला. चुकणारे ‘सूर्य’ वाचतात आणि ‘सावली’ सोडून देतात. बैठक व्यवस्थेतही तसंच. समोरासमोर बसलेली पंगत आठवा: माझा उजवा हात ज्या बाजूला, त्या बाजूला समोरच्याचा डावा. प्रश्नात ‘उत्तरेकडे तोंड करून’ की ‘केंद्राकडे पाठ करून’ हे दोन-तीन शब्द ज्याने अधोरेखित केले, त्याचा अर्धा प्रश्न तिथेच सुटला.

अक्षरमालिकेसाठी इंग्रजीतली ई, जे, ओ, टी, वाय ही अक्षरं ५, १०, १५, २०, २५ अशी पाठ असतातच सगळ्यांची. उलट क्रमासाठी बेरीज २७ येते हेही. पण मराठी अक्षरांची मालिका आली की वहीवर क, ख, ग लिहीत बसतात. आपल्या वर्णमालेत ते आयतंच आहे. पाचही वर्गांचं शेवटचं अक्षर बघा: ङ, ञ, ण, न, म. त्यांचे क्रमांक ५, १०, १५, २०, २५. ‘ध’ कितवा? ‘न’ च्या आधीचा, १९ वा. ‘ब’? ‘म’ पासून दोन मागे, २३ वा. फक्त काही प्रश्नांत ङ आणि ञ वगळलेले असतात, ते मालिकेच्या पहिल्या दोन-तीन पदांवरून तपासून घ्या.

दिनदर्शिकेचं सूत्र पाठ करण्यापेक्षा एक तारीख पकडून ठेवा. मी १ मे १९६० पकडतो, महाराष्ट्र राज्य झालं तो दिवस रविवार होता. १ मे २०२६ ला कोणता वार? मधे ६६ वर्षं. प्रत्येक वर्ष वाराला एक पाऊल पुढे नेतं, लीप वर्ष दोन. १९६० ची २९ फेब्रुवारी १ मेच्या आधीच होऊन गेली, ती धरायची नाही. १९६४ पासून २०२४ पर्यंत १६ लीप वर्षं. ६६ अधिक १६ म्हणजे ८२. सातने भागलं की बाकी ५. रविवारपासून पाच पुढे, शुक्रवार. ती २९ फेब्रुवारी धरली तर उत्तर शनिवार येतं, आणि शनिवार पर्यायात असतोच.

शब्दसंग्रहाकडे येतो. मराठीच्या बाबतीत खेड्यातल्या मुलांनी उगाच न्यूनगंड घेतलाय. समूहदर्शक शब्द शहरातला मुलगा यादीतून घोकतो. तुम्ही कडब्याची गंजी, लाकडाची मोळी, मेथीची जुडी, धान्याची रास, आंब्याची राई रोज पाहता. तांडा तर आपल्या जिल्ह्यात घरोघरचा शब्द. पुस्तकात तो उंटांचा किंवा लमाणांचा समूह म्हणून येतो एवढंच लक्षात ठेवायचं. यादीतले खरोखर अनोळखी शब्द मग थोडेच उरतात: केळ्यांचा लोंगर, विमानांचा ताफा, जहाजांचा काफिला, किल्ल्यांचा (चाव्यांचा) जुडगा. तेवढेच पाठ करा.

अडचण उलटी आहे, आणि ती वऱ्हाडीची. आपण रोज वापरतो तो शब्द प्रमाण मराठीत दुसरंच काही सांगतो. ‘धुरा सांभाळणे’ म्हणजे जबाबदारी पेलणे, बांध राखणे नव्हे. ‘हातावर तुरी देणे’ म्हणजे फसवून निसटून जाणे. मजुरीत धान्य देणे असा पर्याय दिला तर तुरीच्या पट्ट्यातली पोरं त्यावर जाणारच. म्हणून वाक्प्रचार कधी सुटा लिहू नका, त्याचं वाक्य करा. ‘चोर पोलिसांच्या हातावर तुरी देऊन पसार झाला’ हे एकदा तोंडात बसलं की अर्थ विसरत नाही. घरी वऱ्हाडीच बोला, तिची लाज वाटायचं कारण नाही. फक्त पेपरात कोणती मराठी विचारली आहे ते ओळखा.

इंग्रजीला मात्र जास्त वेळ द्यावा लागतो, इथे गोड बोलून उपयोग नाही. रोज पन्नास शब्दांची यादी पाठ करणाऱ्यांचं आठवड्यात काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. मला उपयोगी पडलं ते शब्दांचं कूळ शोधणं. कृषी केंद्रात गेलात की डब्यांवर काय लिहिलेलं असतं? इन्सेक्टिसाइड, फंगिसाइड, हर्बिसाइड. कीटक, बुरशी, तण, आणि शेवटी ‘साइड’, म्हणजे मारणारं. हे ‘साइड’ लॅटिनमधलं. आता परीक्षेतले शब्द बघा: होमिसाइड म्हणजे मनुष्यवध, पॅट्रिसाइड पित्याचा वध, मॅट्रिसाइड मातेचा, फ्रॅट्रिसाइड भावाचा, रेजिसाइड राजाचा, जेनोसाइड वंशसंहार. अनेक शब्दांसाठी एक शब्द या प्रश्नात ही मंडळी वारंवार येतात. तसंच ‘मॅल’ म्हणजे वाईट: मॅलन्यूट्रिशन म्हणजे कुपोषण, हे शाळेतच कानावर पडलेलं, त्यावरून मॅलिशस, मॅलप्रॅक्टिस, मॅलेव्हलंट. आणि ‘बेने’ म्हणजे चांगलं: बेनिफिट, बेनेव्हलंट. मॅलेव्हलंट आणि बेनेव्हलंट विरुद्धार्थी आहेत हे मग वेगळं पाठ करावं लागत नाही. रिकाम्या जागेच्या प्रश्नात आधी वाक्यातला ‘बट’, ‘ऑल्दो’, ‘देअरफोर’ शोधा. वाक्य वळतंय की सरळ जातंय ते कळलं की अर्थ माहीत नसतानाही दोन पर्याय कटतात.

सराव कसा करायचा, यावर माझं मत जरा कडक आहे. मोबाईलवर दुसऱ्याने सोडवलेला प्रश्न पाहणं हा सराव नाही. पाहताना सगळं सोपं वाटतं. आधी कागदावर स्वतः झगडा, मग व्हिडिओ लावा. प्रत्येक चुकीसमोर एक शब्द लिहा: वाचलं नाही, पद्धत माहीत नव्हती, की आकडेमोड चुकली. तिघांना तीन वेगळी औषधं लागतात. पद्धतीसाठी पुस्तक, आकडेमोडीसाठी पाढे आणि वाचण्यासाठी दुसरं काही नाही, पर्याय झाकून प्रश्न स्वतःच्या शब्दांत सांगायचा. आमच्याकडे एकजण प्रश्न वाचतो, दुसरा ‘काय विचारलंय’ एवढंच सांगतो, सोडवत नाही. सुरुवातीला पोरांना हा पोरखेळ वाटतो.

शेतीच्या हंगामाशी भांडू नका. पेरणी-डवरणीत आणि दसऱ्यानंतरच्या वेचणीत अभ्यासाला बसणं होत नाही, झालं तरी डोळे मिटतात. त्या दिवसांत वाक्प्रचार आणि शब्द ठेवा. कापूस वेचताना शेजारच्या ओळीतल्या बहिणीला, मित्राला विचारता येतात. बैठक व्यवस्था आणि कोडी पहाटेसाठी राखा.

परीक्षा संगणकावर असेल तर जवळच्या एमएस-सीआयटी केंद्रात जाऊन चार-दोन सराव पेपर माऊसने सोडवा. आरशातल्या प्रतिमेचा प्रश्न छापील पेपरात कागद उलटा करून उजेडासमोर धरला की सुटतो. स्क्रीन उलटी करता येत नाही. मग कच्च्या कागदावर आकृती गडद काढायची आणि तो कागद उलटा धरायचा. प्रश्न पुढे ढकलण्याचं आणि पुन्हा पाहण्याचं बटण कुठे आहे, हे परीक्षेच्या दिवशी शोधायची गोष्ट नाही.

तलाठी भरती १७ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर २०२३ अशी रोज तीन सत्रांत चालली होती. इतक्या सत्रांत प्रश्नांचे साचे पुन्हा पुन्हा येतात, आकडे आणि नावं तेवढी बदलतात. त्यामुळे कोणत्याही जाडजूड संचापेक्षा झालेल्या सत्रांचे पेपर आधी सोडवा. तुमची परीक्षा झाल्यावर उत्तरतालिका आणि तुम्ही नोंदवलेली उत्तरं पाहायला लिंक खुली होते. ती ठरावीक दिवसच चालू असते, म्हणून पहिल्याच दिवशी पीडीएफ उतरवून घ्या, तालुक्याला जाऊन एक प्रत छापा. हरकत घ्यायची तर पुरावा जोडा, फी भरावी लागते, त्यामुळे नुसत्या संशयावर घेऊ नका. आणि ती छापील प्रत अभ्यासिकेत ठेवा, पुढच्या भरतीच्या पोरांना तिच्यासारखा दुसरा संच मिळत नाही.